दोन दिवस आधी

११ फेब्रुवारीला माझा मुलगा शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचला. कोळीनृत्य होतं. पंधरा पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून होडी वल्हवत होती. ताप नव्हता, अंगावर काही नव्हतं. १२ तारखेला सकाळी अंघोळ घालताना त्याच्या पाठीवर पाण्याच्या थेंबांसारखे चार फोड दिसले. पुसायला गेले तर पुसले जाईनात. दुपारपर्यंत पोटावर, केसांतही आले. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "बाया आल्यात."

त्यांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि घरात फोडणी बंद केली. गल्लीतली माणसं पाला बघून फाटकाबाहेरूनच विचारपूस करून जायची. मला ही रीत शहाणपणाचीच वाटते. पण मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून पोटात गोळा आला. कांजिण्या फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतात, आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत लागत राहतात. म्हणजे आम्ही पाला बांधला १२ ला, आणि माझं पोर ११ ला त्या पंधरा जणांच्या गळ्यात गळे घालून नाचत होतं.

रात्री वर्गाच्या ग्रुपवर सगळं खरं खरं लिहिलं. एका आईचा लगेच फोन आला, तिच्या घरी तीन महिन्यांचं बाळ होतं. "आम्हाला ठाऊकच नव्हतं हो," एवढंच मी म्हणत राहिले. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात मिळत नाही, विकत घ्यावी लागते. आम्ही ती पुढे पुढे ढकलली होती. ते मला आजही बोचतं.

डॉक्टरांनी मग मलाच विचारलं, "तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात का?"

यांना आणि सासूबाईंना येऊन गेल्या होत्या. माझं सांगणार कोण? आई गेली, आणि कुणाला लहानपणी काय झालं होतं ही सगळी माहितीही तिच्याबरोबर गेली. मावशीला फोन केला. "गोवर आलेला आठवतो बाई, कांजिण्यांचं काही सांगता येत नाही." धाकट्या बहिणीचंही तसंच. आणि तिला सातवा महिना लागलेला, २६ फेब्रुवारीला सांगलीत तिचं डोहाळजेवण.

डॉक्टरांनी हिशोब समजावला. लागण झाल्यावर कांजिण्या १० ते २१ दिवसांत कधीही उठतात, बहुतेकांना १४ ते १६ व्या दिवशी. ज्यांना आधी येऊन गेलेल्या नाहीत, अशा घरातल्या दहांतल्या नऊ जणांपर्यंत त्या गाठू शकतात. गरोदर बाईला झाल्या तर न्यूमोनियापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि गरोदरपणात ही लस देता येत नाही. घरी येऊन मी कालनिर्णयवर पेन्सिलीने मोजलं. मुलाच्या खपल्या १८ ला धरल्या, तिथून २१ दिवस म्हणजे ११ मार्च. आणि १० फेब्रुवारीपासून मोजलं तर २६ तारीख बरोबर सोळावा दिवस.

मी घरीच शिवणकाम करते. फाटकावर पुठ्ठा लावला: 'घरात कांजिण्या आहेत. ११ मार्चपर्यंत मापं घेणे बंद.' ऐन लग्नसराईत ब्लाउज दुसरीकडे गेले. ते एक वेळ चालतं. पण बहिणीला माहेर म्हणजे मीच. तिच्या सासूबाईंनी फोन करून प्रेमानेच सांगितलं, "तुम्हाला तर काही झालेलं नाही. लांब बसा, ओटी भरा आणि जा." माझं मन डळमळलं. अंगात कणकण नाही, आरशात पाठ बघावी तर स्वच्छ. पण ११ तारखेला माझ्या पोराची पाठही अशीच स्वच्छ होती. तेव्हा ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. ठाऊक असून तिच्या पोटाजवळ वाकायला मी धजले नाही. बहिणीला सांगितलं तेव्हा ती "बरं ताई" म्हणाली आणि फोन ठेवला.

खण-नारळ, हिरवा चुडा आणि मी जानेवारीतच शिवून ठेवलेला हिरवा ब्लाउज घेऊन हे एकटे गेले. ओटी तिच्या मोठ्या जावेने भरली. मी फोनवर बघत होते. ब्लाउज मुंढ्यात आवळत होता. हात वर करताना तिचा चेहरा आक्रसला, तो मला इतक्या लांबून दिसला.

मला कांजिण्या आल्याच नाहीत. ११ मार्च उजाडला तरी एक फोड नाही. "उगीच आली नाहीस," असं दोघी-तिघींनी बोलून दाखवलं. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर बहुधा लहानपणीच येऊन गेल्या असाव्यात असं निघालं. ही तपासणी संपर्क आल्याआल्या केली असती तर कदाचित जाता आलं असतं. ते मला सुचलं नाही, याची हळहळ आहे. न गेल्याची नाही. माझ्या हातात त्या दिवशी होतं काय, एक पेन्सिलीची खूण आणि आईला विचारता न येणारा एक प्रश्न.

१२ मार्चला पहिल्या एसटीने सांगलीला गेले. जाताना सुईदोरा आणि छोटी कात्री घेतली. बहीण काही बोलली नाही, कपाटातून ब्लाउज काढून माझ्या मांडीवर ठेवला. शिवताना दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडलेली होती. ती माझ्या खांद्याला टेकून बसली आणि मी एकेक टाका उसवत राहिले.