एक फोर्क, दोन वजनं

आमच्या घरात एक्सपल्स एकच आहे आणि ती मातीत घालणारे दोघे. मी 85 किलोंचा, धाकटी बहीण 54 किलोंची. पुढचे शॉकअप, म्हणजे फोर्क, सुधारायचे असं ठरलं तेव्हा या 31 किलोंच्या फरकावर घरात तीन आठवडे चर्चा चालली.

ही खरी मोटोक्रॉसची बाईक नव्हे, हे आधीच सांगतो. कावासाकीच्या केएक्स 250 सारख्या गाडीच्या पुढच्या चाकाला 300 मिलिमीटरहून जास्त ट्रॅव्हल असतो, ती रस्त्यावर चालवता येत नाही, टेम्पोत घालून न्यावी लागते. आमच्या एक्सपल्सला 190 मिलिमीटर. रविवारी ती बेळगावबाहेर पोरांनी लाल मातीचे ढीग रचून केलेल्या ट्रॅकवर उड्या मारते आणि सोमवारी तिच्यावरून दळण येतं.

पहिला पर्याय कंपनीच्याच रॅली किटचा. पुढे 250, मागे 220 मिलिमीटर ट्रॅव्हल, सगळं अ‍ॅडजस्ट करता येणारं. 2020 साली ते आलं तेव्हा किंमत 38 हजार होती. पण त्याने सीट 825 वरून 885 मिलिमीटरवर जाते. बहिणीची उंची पाच फूट दोन इंच. आत्ताच तिच्या एका पायाची बोटं जेमतेम टेकतात. किट तिथेच बाद.

उरले दोन: जास्त कडक स्प्रिंग, किंवा आहे त्या स्प्रिंगवर एम्युलेटर. इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. फोर्कमध्ये दोन कामं चालतात. स्प्रिंग वजन पेलते, आणि तेल तिची हालचाल आवरतं. साध्या फोर्कमध्ये हे तेल डॅम्पर रॉडच्या ठरावीक भोकांमधून जातं. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरून हळू दाबा, सहज रिकामी होते. जोरात दाबा, अंगठा दुखतो. वेग दुप्पट झाला की अडथळा साधारण चौपट होतो. म्हणून ब्रेक दाबताना असा फोर्क नको तितका खाली बसतो आणि दगडावर आदळला की तोच मनगटात ठोसा मारतो. एम्युलेटर म्हणजे डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसणारी छोटी झडप. कमी वेगाला ती तेल अडवते आणि जोराचा धक्का आला की उघडून वाट देते.

स्प्रिंगचं गणित मात्र चालवणाऱ्याच्या वजनाचं. ते आम्ही अंगणात मापलं. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण सुटा असताना एक माप, मग हेल्मेट-बूट घालून फूटपेगवर उभं राहून दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. बाबांनी गाडी धरली, आईने टेप वाचली. मातीसाठी सॅग ट्रॅव्हलच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नसावा. बहिणीचा आला 57 मिलिमीटर, बरोबर तीस टक्के. माझा 71. म्हणजे कंपनीची स्प्रिंग तिला चपखल आणि मला मऊ.

(वर जास्त लांब स्पेसर घालून स्प्रिंग "टाइट" करा, असा सल्ला दर दुसरा मित्र देतो. त्याने गाडीचं नाक वर येतं, स्प्रिंग कडक होत नाही. तेवढ्याच मिलिमीटरला ती तेवढंच वजन पेलते.)

मी स्वभावाप्रमाणे एक्सेल शीट केली. दोघांच्या मधलं, 70 किलोंचं वजन धरून स्प्रिंग घ्यावी, असं तिच्यातून निघालं. बाबा म्हणाले, गाडी तुझी, तुझ्या वजनाची घे. शॉकअपच्या दुकानदारानेही विचारलं ते माझंच वजन, शेजारी हेल्मेट घेऊन ती उभी असताना. 70 ची स्प्रिंग म्हणजे दोघांनाही न बसणारी चप्पल, हे मला कळत होतं, पण घरात वाटणी समान दिसते म्हणून बरी वाटत होती.

बहीण म्हणाली, "दादा, आरसी तुझ्या नावावर आहे, कबूल. पण तू पाच लॅप मारून सावलीत बसतोस. नवख्यांच्या गटात नाव मी दिलंय."

याला उत्तर नव्हतं. मोजायचीच तर दर रविवारची तिची पंचवीस मिनिटं आणि माझी सात.

बेळगावात राहण्याचा फायदा असा की उद्यमबागेत लेथवाला शोधावा लागत नाही. ज्या काकांकडे गेलो ते हायड्रॉलिकचे सुटे भाग करतात, त्यामुळे झडप हातात घेताच त्यांना ती कळली. एम्युलेटर बसवायचा तर डॅम्पर रॉडची भोकं मोठी करावी लागतात, नाहीतर तेल तिथेच अडतं. एकदा ड्रिल फिरलं की जुनी चाल परत आणायला नवा रॉडच घ्यावा लागणार. शिवाय झडपेवरच्या छोट्या स्प्रिंगला किती फेरे द्यायचे तेही चालवणाऱ्यावर ठरतं, आणि ते बदलायला दर वेळी फोर्कचं टोपण उघडावं लागतं. काकांनी ड्रिल हातात घेऊन विचारलं, "आधी सांगा की, चालवणार कोण?"

"मी," बहीण म्हणाली. काकांनी तिला एकदा न्याहाळलं आणि वजन विचारलं.

स्प्रिंग कंपनीचीच ठेवली. एम्युलेटरच्या उंचीइतका स्पेसर कापला. माझ्यासाठी एकच सवलत मागून घेतली: तेलाची पातळी दहा मिलिमीटर वर. तेलाच्या वर अडकलेली हवा हीसुद्धा स्प्रिंगच असते. तिची जागा कमी केली की सुरुवातीला फारसा फरक पडत नाही, शेवटच्या टप्प्यात मात्र फोर्क कडक होतो आणि माझ्या वजनाने तळाला आपटणं कमी होतं. खर्च किटच्या निम्म्याहून कमी झाला. तेल घेताना डब्यावरच्या 10डब्ल्यूवर जाऊ नका, कंपनीगणिक त्याचा अर्थ बदलतो; 40 अंशांना सेंटीस्टोक किती ते बघा.

पहिल्या रविवारी मी उभा राहून ब्रेक मारला तेव्हा नाक पूर्वीपेक्षा कमी, पण खाली गेलंच. तिची मात्र तिसऱ्या ढिगावरची उतरण बदलली. आधी चाक टेकल्यावर हँडल एकदा झटकायचं आणि ती थ्रॉटल सोडायची. आता सोडत नाही.

मागचा मोनोशॉक अजून कंपनीचाच आहे. पुढची बाजू शांत झाल्यापासून त्याचं उसळणं जास्त जाणवतं, खालच्या ढिगांवर तर फारच. त्याचा सॅग पुढच्या रविवारी मापायचा आहे, 54 किलो धरून. टेप आईकडेच आहे.