शेवटचे तीन फूट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी तीन मिनिटांच्या एका व्हिडिओवरून बरीच चर्चा झाली. बारावीत शिकणाऱ्या आमच्या मुलीच्या मोबाइलवर एका ऑनलाइन स्पर्धेची सूचना आली होती. विषय होता, 'आपला जिल्हा परदेशातल्या माणसाला दाखवा.' दादीने आधी नकारच दिला. घरच्या मुलीचा चेहरा जगभर कशाला फिरवायचा? मुलगी म्हणाली, "दादी, मी कॅमेऱ्याच्या मागेच राहीन." मग आम्हीही होकार दिला.

अशा स्पर्धा आता नव्या राहिलेल्या नाहीत. 2008 साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या तरुणांना 'लोकशाही म्हणजे...' हे वाक्य तीन मिनिटांच्या व्हिडिओतून पूर्ण करायला सांगितले होते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात 2006 मध्ये पब्लिक डिप्लोमसीचा वेगळा विभाग सुरू झाला, 2010 मध्ये तो ट्विटरवर आला आणि 2011 मध्ये 'इंडिया इज' ही जागतिक व्हिडिओ स्पर्धाही झाली. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे. एका देशाने दुसऱ्या देशाच्या सरकारशी नव्हे, तर तिथल्या सामान्य माणसांशी बोलायचे, त्यांची मने जिंकायची.

मुलीने पहिला व्हिडिओ तयार केला. त्यात नागझिऱ्याचे जंगल होते, सालेकशाचा हाजरा फॉल होता, धानाच्या बांध्यांत उभी असलेली सारस पक्ष्यांची जोडी होती. दादीने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "बेटी, सब अच्छा है, पर इसमें लोग कहाँ हैं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रेल्वेने अर्जुनीला गेलो आणि तिथून प्रतापगडला. तिथे महादेवाचे देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला येणारे लोक दर्ग्यावरही डोके टेकवून जातात. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तरुण मंडळी स्वेटर विकायला बाहेरगावी गेलेली होती. एका आजीने आम्हाला घरात बोलावून चहा दिला. आमच्या दादी आणि त्या आजी मोडक्यातोडक्या हिंदीत गुडघेदुखीवर अर्धा तास बोलत बसल्या. मुलीने ते टिपून घेतले. आपला जिल्हा किती चांगला आहे, हे आता जगाला कळेल, असे आम्हाला वाटले.

दिवाळी आली आणि गेली. समोरच्या काकांकडून दरवर्षी येणारे फराळाचे ताट या वेळी आले नाही. वीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. सकाळचा रामरामही बंद झाला होता. कारण शोधताना मुलीने आमचाच मोबाइल आमच्यासमोर धरला. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही भांडणाची एक क्लिप पुढे पाठवली होती. 'आपल्याच भागात घडले आहे, सावध राहा,' असे तिच्यासोबत लिहिले होते. ती फिरत फिरत काकांपर्यंत गेली होती. मुलीने क्लिप थांबवून मागच्या दुकानाची पाटी दाखवली. पाटीवरची लिपी आपल्याकडची नव्हतीच. घटना दुसऱ्या राज्यातली आणि जुनी निघाली.

आम्हाला फार शरम वाटली. एखादी बातमी आली तर आधी शहानिशा करा, अजाणतेपणी कुणाचे नुकसान होऊ देऊ नका, ही ताकीद पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. माणसांना वेगवेगळ्या कौमांत आणि कबिल्यांत घडवले ते एकमेकांना ओळखण्यासाठी, हेही त्याच सूरहमध्ये सांगितले आहे. आम्ही दोन्ही वाचले होते, पण बोट स्क्रीनवर गेले तेव्हा आठवले नाही.

ग्रुपवर आम्ही लगेच खुलासा टाकला. पण खुलासा गल्ली ओलांडत नाही. संध्याकाळी आम्ही काकांच्या दारात गेलो आणि चूक कबूल केली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतरांकडून आलं असतं तर मी पाहिलंही नसतं. तुमच्याकडून आलं म्हणून खरं वाटलं."

हे वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. एडवर्ड मरो हे नामवंत रेडिओ पत्रकार 1961 पासून अमेरिकेच्या माहिती खात्याचे प्रमुख होते. हजारो मैल संदेश पाठवणे सोपे, खरे काम शेवटच्या तीन फुटांत, माणसाने माणसाशी समोरासमोर बोलण्यात असते, असे ते सांगत. आमच्यापुरते ते तीन फूट म्हणजे ही गल्लीच होती.

काकांनी व्हिडिओ पाहायला मागितला. सारस दिसताच म्हणाले, "हे घरटं धानात करतात. ते राखणारा शेतकरी दाखवला का?" मुलीने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला गाठले. त्यासाठी हाजरा फॉल कमी करावा लागला.

स्पर्धेत नंबर आला नाही. पण आता क्लिप पुढे पाठवण्याआधी आम्ही स्वतःला विचारतो, समोरच्या घरात हीच गोष्ट तोंडाने सांगायची हिंमत आहे का? नसेल, तर ती तिथेच पुसून टाकतो. रमजान ईदला शीरखुर्म्याचे पहिले भांडे समोरच्या घरी गेले. ते परत आले तेव्हा, नेहमीप्रमाणे, रिकामे नव्हते.