लोणीकंदच्या वाटा

‘लोणीकंदला काय पाहणार? तिथे गोदामं आणि ट्रकच आहेत,’ असं एक मित्र म्हणाला, आणि कित्येक वर्षं रेंगाळलेला बेत मी पक्का केला. पेशवाई बुडून जेमतेम दोन वर्षं झाली असताना थॉमस कोट्स या इंग्रज सर्जनने पुण्याजवळच्या ‘लोनी’ची, म्हणजे याच लोणीकंदची, घरं, शेतं, भांडीकुंडी, कर्जं अशी सगळी नोंद केली. मुंबईच्या लिटररी सोसायटीने ती १८२३ मध्ये छापली. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी याच गावाची पुन्हा पाहणी केली आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आपल्या एका साध्या खेड्याचं असं दुहेरी चित्र हाती असताना तिकडे कुणी फिरकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुणे-नगर रस्त्यावर वाघेश्वराचं देऊळ बसमधूनच पाहिलं. तुळापूरचा संगम आणि कोरेगावचा विजयस्तंभ एका दुपारी झाले. या जागांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मुक्कामाला रस्त्यालगतचा एक लॉज मिळाला. रात्रभर कंटेनरच्या हॉर्नमुळे डोळा लागला नाही, आणि सकाळी ‘टँकर आला नाही’ म्हणून अर्ध्या बादलीत अंघोळ उरकावी लागली. एवढं भाडं घेऊन ही व्यवस्था!

गावठाणात शिरलो आणि त्रागा विसरलो. कोट्स यांनी पाहिलेली घरं पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांची होती, वर त्याच मातीचं धाबं. आता सिमेंट आणि पत्रे आले आहेत, पण दख्खनी गावठाणाचे बोळ सहसा बदलत नाहीत. भाऊ वेगळे निघाले की वाड्यात भिंत उभी राहते, अंगण दुभंगतं, आणि जाण्यायेण्यापुरती जी जागा सुटते तोच बोळ. म्हणून तो वाकडा, आणि म्हणून एकेक भावकी शेजारीशेजारी. जुन्या घरांची दारं आतल्या अंगणाकडे, बाहेर सरळ भिंत. १८०२ ची होळकरांची स्वारी, १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांची भीती हे सगळं सोसलेल्या मुलखात रस्त्याकडे खिडकी कोण ठेवणार?

पण त्या काळी गावकुसाच्या आत सगळे नव्हते. शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष लागे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम त्याचं, राखण त्याची, आणि घर मात्र कुसाबाहेर. गावाची हद्द ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, त्यालाच हद्दीच्या आत जागा नाही. गावरचनेचे नकाशे पाहताना हा अन्याय आधी दिसायला हवा.

ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी चार्ल्स मेटकाफ यांच्याशी माझं भांडण इथेच आहे. १८३० च्या टिपणात त्यांनी भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं ठरवलं: राजवटी येतात-जातात, खेडं आपल्यात पुरं असतं. पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते खरं मानलं. त्यांच्या दहा वर्षं आधीचे कोट्स मात्र सांगतात की इथल्या ८४ शेतकरी कुटुंबांपैकी पंधरा-सोळा सोडली तर सगळी कर्जात होती. सावकाराचं व्याज आणि सरकारचा वसूल भरायला रोकड लागते. ती मिळवायची तर धान्य बाजारात न्यावं लागतं. स्वयंपूर्ण म्हणवणाऱ्या खेड्याला बाजाराची गाडीवाट कशासाठी लागली असती? वेशीतून निघणाऱ्या वाटा पाहिल्या की मेटकाफ यांचं खेडं टिकत नाही.

या वाटांचं जाळं गावच्या नकाशावर नीट दिसतं: गाडीवाटेला दुहेरी तुटक रेघ, पायवाटेला एकेरी. पाणवठ्याची वाट, मळ्यातली पांदण, दोन गावांमधला शिवरस्ता. विहिरीवर विजेचा पंप आला तशी कुटुंबं मळ्यात राहायला गेली, वस्त्या झाल्या, आणि सुगीपुरत्या लागणाऱ्या पांदणीवरून रोज शाळेची मुलं जाऊ लागली. तेव्हाच या वाटा रुंद व्हायला हव्या होत्या. त्याऐवजी गुंठेवारी आली आणि बांध सरकले. गोदामांच्या आवारभिंती थेट नकाशातल्या रेघेवर चढल्या. हमरस्ता रुंद होत गेला आणि शेताची वाट अरुंद. याला मी प्रगती म्हणणार नाही.

संध्याकाळी पारावर अशाच एका बंद वाटेचा विषय निघाला. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज गेला होता.

‘तुम्ही म्हणता त्या साहेबाच्या पुस्तकात आमची वाट आहे का हो?’ एका आजोबांनी विचारलं.

‘साहेबाच्या लिखाणात एकेका वाटेची नोंद नाही, आजोबा. घुर्ये यांचं पुस्तक पुन्हा चाळतो.’

‘चाळा. पण झेरॉक्स सुनावणीच्या आत पाठवा.’

त्यांनी नातवाला हाक मारून माझा नंबर लिहून घ्यायला सांगितलं.