सासूबाईंचा पंप आणि चौविहार

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षे फुंकणी घेऊन चुलीपुढे बसल्या. त्या धुरानेच छातीचे हे झाले असे डॉक्टर म्हणाले. आजाराचे नाव सीओपीडी. फुफ्फुसाची झालेली झीज भरून येत नाही, पण रोजच्या रोज जपले तर माणूस हिंडता-फिरता राहतो. आणि जपायचे ज्याचे त्यानेच. सुनेने चोवीस तास मागे लागून ते होत नाही.

पेच पडला रात्रीच्या पंपाचा. त्यात स्टेरॉइड असते. तो ओढल्यावर गुळणी करून पाणी थुंकायचे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. सासूबाईंचा तर चौविहार! सूर्यास्तानंतर पाणी तोंडात घ्यायचे नाही म्हणून त्या तशाच झोपायच्या. मी काही बोलले की, "पच्चक्खाण माझं आहे, सूनबाई." जिभेवर चट्टे आले तेव्हा डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, पंप दोनदाच आहे, मध्ये साधारण बारा तास हवेत. मग दोन्ही वेळा उजेडातच घ्या की. आता सकाळी सूर्योदयानंतर आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी. गुळणी उजेडातच उरकते.

राहिला धाप लागली की घ्यायचा निळा पंप. धाप काही घड्याळ पाहून लागत नाही. त्यासाठी त्या साध्वीजींकडे गेल्या. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतोच, हे त्यांच्याकडूनच ऐकले तेव्हा कुठे तो पंप उशाशी आला.

बाकीचे त्यांनीच बसवले. स्पेसरमधून औषध ओढून श्वास धरायचा, तेव्हा मनात नवकाराची पाच पदे म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेले दहा सेकंद तेवढ्यात होतात. देरासरची पायरी चढताना दूध निववावे तशी ओठांतून हळू फुंकर सोडतात, दोन पायऱ्यांनी थांबतात. कोणी बघेल याची लाज आता नाही. फोडणीच्या वेळी मात्र मीच त्यांना ओसरीवर पाठवते.

कॅलेंडरवर रोजचा कफ पेन्सिलने लिहितात : "पांढरा", "पांढरा". परवा "पिवळा, धाप जास्त" असे लिहिले, आणि मी बाजारातून येईपर्यंत दवाखान्यात फोन लावून झालाही होता. चपला घालून दारात बसल्या होत्या.