एका एसएमपीएसची गोष्ट आणि एक माफी

गेले पंधरा दिवस आमच्या यूट्यूब चॅनेलवर व्हिडिओ नाही, म्हणून बऱ्याच जणांचे फोन आले. कुणी विचारलं, दबाव आला का? कुणी विचारलं, पाकीट पोचलं का? दोन्ही नाही. कॉम्प्युटरचा एसएमपीएस कमी पडला, एवढंच. पण त्या निमित्तानं जे कळलं ते सगळ्यांच्या पैशाशी संबंधित आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

आमचं मशीन एका नामांकित कंपनीचं. मुंबईतल्या कुठल्यातरी ऑफिसात चार-पाच वर्षं राबून सेकंडहँड बाजारात आलेलं. बातमी टाइप करायला उत्तम, व्हिडिओ एडिटिंगला मात्र रडायचं. म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. कॅबिनेट उघडलं तर एसएमपीएसवर लेबल १८० वॅटचं. एकट्या कार्डाला १२० वॅट लागतात, प्रोसेसरला ६५. बेरीज तिथंच १८५ झाली. हार्ड डिस्क, पंखे, मदरबोर्ड अजून रांगेतच उभे.

म्हटलं, सोपं आहे. जिल्ह्याच्या गावाहून ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस आणला. चार स्क्रू काढायचे, जुना काढून नवा बसवायचा. आणि तिथंच गाडी अडली. नव्या एसएमपीएसची मुख्य वायर २४ पिनांची, मदरबोर्डवरचं सॉकेट सहा पिनांचं. डबाही आकारात बसेना, स्क्रूची भोकंही जुळेनात.

थोडं समजून घ्या. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं मानक आणलं. कुठल्या पिनेतून ३.३ व्होल्ट, कुठून ५, कुठून १२, सगळं ठरवून दिलं. आधी २० पिना होत्या, पुढे २४ झाल्या. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा एसएमपीएस कोणत्याही मदरबोर्डला चालतो. अर्ध्या इंचाचा नळ कुठल्याही दुकानातून आणा, आटे बसतातच, तसं. पण मोठ्या ब्रँडची अनेक मशीन्स हे पाळत नाहीत. त्यांचे आटे वेगळे.

टोल-फ्रीला फोन केला. उत्तर आलं, "सर, वॉरंटी संपलेली आहे. हा पार्ट आता येत नाही. मोठा एसएमपीएस या मॉडेलला सपोर्टेड नाही. नवीन मशीन बघा ना."

गावातल्या रिपेअरवाल्या पोराकडे गेलो. त्यानं आत बघितलं आणि हसला. "दादा, वायरी तोडून जोडायला जाऊ नका हां. बोर्ड जळेल." खरंच आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका बड्या अमेरिकन कंपनीनं तर प्लग हुबेहूब एटीएक्सचाच ठेवला होता, फक्त आतला तारांचा क्रम बदललेला. लोकांनी बाजारातला एसएमपीएस विश्वासानं लावला आणि बोर्ड गमावले. आमच्यात निदान प्लग तरी बसत नव्हता, हे नशीब.

त्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक ॲडॉप्टर मागवला. एका बाजूला २४ पिना, दुसऱ्या बाजूला सहा, आणि मध्ये नखाएवढा सर्किटचा तुकडा. कारण मशीन बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज लागते. एटीएक्समध्ये ती ५ व्होल्टची असते, आमच्या बोर्डाला मात्र जवळजवळ १२ हवी. तो तुकडा ५ चे १२ करतो. सातशे रुपयांची वायर. एसएमपीएसचा डबा बाहेर टेबलावर ठेवलाय, कॅबिनेटची एक बाजू उघडी आहे. दिसायला बेकार, पण परवापासून मशीन मस्त चालू आहे.

आता माझी चूक.

गेल्या वर्षी मी एका जिल्हा परिषद शाळेवर बातमी केली होती. दहा कॉम्प्युटर, सगळे कापडाखाली झाकलेले. 'लाखोंचे संगणक धूळ खात, शाळेची अनास्था' असं हेडिंग मीच दिलं. मुख्याध्यापिका बाई तेव्हा मला सांगत होत्या, "अहो सर, लाइट सारखी जाते-येते, त्यात एसएमपीएस गेलेत. तालुक्यात दाखवलं, बाजारातला बसत नाही म्हणतात." मला वाटलं, सबब सांगतायत. त्यांचं म्हणणं मी एका ओळीत गुंडाळलं. नंतर त्यांना नोटीस निघाली.

आपल्या कॅबिनेटमधलं ते सहा पिनांचं सॉकेट बघितलं आणि बाई आठवल्या. शनिवारी त्या पोराला घेऊन, माझा एसएमपीएस आणि ती वायर पिशवीत टाकून शाळेत गेलो. तीच कंपनी, तेच सॉकेट. एकेक मशीन लावून बघितलं. दहापैकी सात चालू झाली. सात! म्हणजे बाई खरं बोलत होत्या आणि मी खोटा ठरलो. या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर दिलगिरी छापतोय. इथंही जाहीर माफी मागतो.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. एसएमपीएसनं फक्त १२ व्होल्ट द्यायचे आणि बाकीचे बोर्डानं बनवायचे, यात वीज वाचते. इंटेलनंही पुढे त्यासाठी दहा पिनांचं वेगळं मानक काढलं. तेव्हा पिना कमी असण्यावर माझा आक्षेप नाही. प्रत्येकाची वायर वेगळी आणि तो पार्ट काही वर्षांनी मिळेनासा, याला आहे.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलला यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं झालं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती मिळेल, बंद झालेला पार्ट कुठून मिळणार?

इलाज आपल्या हातात आहे, तो खरेदीच्या वेळी. मी आजवर पाहिलेल्या निविदांत प्रोसेसर, रॅम, वॉरंटी सगळं असतं, एसएमपीएस कोणता हे कुठं दिसलं नाही. एक ओळ घाला: एसएमपीएस मानक एटीएक्सचा असावा, नाहीतर सात वर्षं तो पार्ट ठरलेल्या दरात पुरवण्याची लेखी हमी द्यावी. सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, पतसंस्थांचे संचालक, तुमच्यापैकी बरेच जण हे वाचतायत. बिल मंजूर करण्याआधी एक कॅबिनेट उघडायला लावा आणि पिना मोजा. २४ असतील तर चिंता नाही. नसतील तर प्रश्न विचारा.

काल बाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "नोटिशीचं उत्तर मी तेव्हाच दिलंय सर. सात वायरी आणि सात एसएमपीएस कधी येतायत ते सांगा. पोरं विचारतायत."

ज्यांना एखाद्या मशीनचा खर्च उचलायचा असेल त्यांनी थेट शाळेत जाऊन बाईंना भेटा. पैसे माझ्याकडे देऊ नका. पहिल्या मशीनचे मी भरलेत.