एक ‘बेन’, किती अर्थ!

‘बेन’ म्हटले की आपल्याला शेजारची हसतमुख गुजराती बाई आठवते. ब्रिटन-आयर्लंडच्या सहलीला निघालेल्या प्रवाशाला मात्र हा इवलासा शब्द मुलखागणिक नवे रूप दाखवतो.

लंडनमध्ये बेन हे बेंजामिनचे लाडके नाव. संसदेच्या मनोऱ्यातील १८५९ साली वाजू लागलेली अजस्र घंटाही ‘बिग बेन’च. तिथून उत्तरेला स्कॉटलंडमध्ये गेले की बेन म्हणजे चक्क डोंगर! गेलिक भाषेतल्या शब्दाचे हे इंग्रजी वळण. फोर्ट विल्यम गावाशेजारचा बेन नेविस १,३४५ मीटर उंच. ब्रिटनमध्ये त्याच्याहून उंच शिखर नाही, पण आपल्या कळसूबाईपुढे तो ठेंगणाच. तिथल्याच स्कॉट्स बोलीत मात्र दोन खोल्यांच्या जुन्या घरातली आतली खोली म्हणजे ‘बेन’.

समुद्र ओलांडून आयर्लंडला पोहोचावे, तर तिथे ‘बॅन’ म्हणजे बाई. अनेकवचन ‘म्नॉ’. स्वच्छतागृहाच्या दारावर एम, एन, ए ही अक्षरे दिसली, की ‘मॅन’चीच अक्षरे मागेपुढे झाली असावीत, असे समजून पुरुष पर्यटक खुशाल आत शिरतो आणि फजिती करून घेतो!

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये आइल ऑफ मॅन हे छोटे बेट आहे. तिथली मँक्स भाषा आयरिश आणि स्कॉटिश गेलिकची धाकटी बहीण. तिच्यात ‘बेन’ म्हणजे स्त्री, पत्नीसुद्धा. जलपरी म्हणजे ‘बेन-वारी’, समुद्राची बाई. गुजराती ‘बेन’ भगिनीवरून आली, तिचे या बेनशी नाते नाही. पण वेदांतील ‘ग्ना’ आणि ‘जनि’, फारसीतून आपल्याकडे आलेला ‘जनाना’ आणि इंग्रजीतील ‘क्वीन’ हे सारे या बेनचेच दूरचे सगेसोयरे.

ही बेन कायमची मुकी होण्याची वेळ आली होती. बेटाच्या दक्षिण टोकाला क्रेगनीश हे गवताने शाकारलेल्या घरांचे गाव आहे. नेड मॅड्रेल हा कोळी लहानपणी तिथे नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ राहिला. तिला इंग्रजी येत नव्हते, म्हणून तो मँक्स शिकला. मातृभाषेसारखी मँक्स बोलणारा तो अखेरचा माणूस. १९७४ साली, ९७व्या वर्षी तो वारला.

पण त्याच्यासारख्या वृद्धांचे बोलणे १९४८ साली ध्वनिमुद्रित झाले होते, आणि तरुण मंडळी त्यांच्या उंबऱ्यावर बसून भाषा शिकली होती. २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २००९ मध्ये युनेस्कोने ही भाषा ‘लुप्त’ ठरवली, तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी पत्रे धाडली. भाषा मेली असेल, तर आम्ही हे पत्र कोणत्या भाषेत लिहीत आहोत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. युनेस्कोला आपली नोंद बदलावी लागली.