पांढरीत कुलपं, काळीत बंगले



उन्हाळ कांद्याचं रोप टाकायला वाफे करत होतो. थोरला बांधावर येऊन बसला आणि पुन्हा तोच विषय काढला. "आण्णा, रोडकडचे पाच गुंठे घराला द्या ना." मागच्या दिवाळीपासून चाललंय हे. पोरगं सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, लग्न झालंय, वस्तीवरच्या तीन खोल्यांत आम्ही सात माणसं. त्याचं चुकीचं नाही काही. पण रोडकडचे ते पाच गुंठे म्हणजे माझ्या रानातली सगळ्यात भारी माती. चार फूट काळी. पाऊस बरा झाला तर मालदांडी ज्वारी तिथं नुसत्या ओलीवर येते.

मी म्हणलं, "गावातला वाडा पडून आहे, तिथं बांध की."

तो हसला. "गावात कोण राहतंय आता?"

त्या वाक्यानं मला वर्षभर कामाला लावलंय. म्हणून आज पिकाऐवजी हे लिहितोय.

जुन्या माणसांनी गाव वसवताना दोन शब्द ठेवले होते, काळी आणि पांढरी. काळी पिकायला, पांढरी राहायला. गाव बसायचं ते उंचवट्याच्या, चुनखडीच्या, ज्यात फार पिकत नाही अशा जागेवर. माळवदावर टाकायची माती तिथलीच, भिंतीची माती तिथलीच. चांगल्या रानात घर बांधलं तर लोक नावं ठेवायचे. नकाशा नव्हता, इंजिनिअर नव्हता, पण नियोजन होतं.

आता उलटं झालंय. परवा वेशीपासून मारुतीपर्यंत मोजत गेलो. दोन्ही बाजूंची मिळून एकतीस घरं, त्यात तेरा कुलूपबंद, पाच नुसत्या भिंती. आणि नगरकडं जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पत्र्याची शेड, मंगल कार्यालय, बंगले, रिकामे प्लॉट आणि त्यांचे रंगवलेले दगड. पांढरी ओस आणि काळीवर सिमेंट. (आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. वडील १९९० च्या सुमारास विहिरीजवळ राहायला आले, तेव्हापासून वाड्याला कुलूप.)

लोक म्हणतात गावात जागा नाही. जागा आहे, सह्या नाहीत. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, मालमत्ता पत्रक हातात आलं. काम चांगलं झालं, हद्द कळली. पण आमच्या वाड्याच्या पत्रकावर नावं अकरा. चुलते, चुलत भाऊ, आत्या. एकट्याला भिंत पाडता येत नाही, बांधता येत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही. त्यापेक्षा रोडची पाच गुंठे सोपी वाटतात. प्रत्येक बंद घरामागं अशीच यादी आहे. शहराचं पसरणं आपण रस्त्यावर पाहतो, पण ते अर्धं सुरू होतं या पडक्या भिंतींपासून.

आता माझी चूक सांगतो. २०१३ ला मुलीच्या लग्नाला आणि विहिरीच्या कर्जाला एक एकर विकली. घेणाऱ्यानं त्यात प्लॉट पाडले. लेआउट नाही, मंजुरी नाही, चार-पाच जणांच्या नावे सामाईक खरेदी करायची आणि आत दोरी लावून वाटून द्यायचं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. प्रमाणभूत क्षेत्र २०२३ ला आपल्याकडं जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे असं केलंय. त्याच्या आतला तुकडा विकता येत नाही, म्हणून ही सामाईकची पळवाट. त्या प्लॉटवाल्यांनी रस्त्यासाठी ओढ्यात मुरूम टाकला, खाली दोन सिमेंटच्या नळ्या. यंदाच्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात जो पाऊस झाला तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नळ्या तुंबल्या, ओढा फिरला आणि माझ्या तुरीतून गेला. अर्धा एकरावरची वरची माती गेली. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, जायला एक रात्र लागली. तक्रार कोणाची करू? खरेदीखतावर सही माझी आहे.

कायदे नाहीत असं नाही. प्रादेशिक योजनेचा कायदा १९६६ पासून आहे. कुठं वस्ती, कुठं कारखाना, कुठं शेती हे आख्ख्या भागाचा विचार करून ठरवायचं, असा त्याचा अर्थ. आपण त्याला यलो झोन, ग्रीन झोन म्हणतो. पण आपल्याकडं झोन म्हणजे भाव, एवढंच माहीत. हिरवा म्हणजे गरीब, पिवळा म्हणजे श्रीमंत. आणि हिरव्यात कोणी तुकडे पाडलेच तर पुढं ते नियमित होतात. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, तेव्हा तारीख होती १ जानेवारी २००१. ती २०२१ ला ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं सरकली. ज्यांनी कष्टाचे पैसे घालून घर बांधलं त्यांना रस्ता-पाणी मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण प्लॉट पाडणारा काय शिकला? थांबा, तारीख पुन्हा सरकेल.

अमेरिकेत ऑरेगन नावाचं राज्य आहे. तिथं १९७३ ला कायदा केला की प्रत्येक शहरानं आपल्याभोवती एक रेघ आखायची. वाढ रेघेच्या आत, बाहेर शेती आणि जंगल. आतल्या जुन्या पेठा, रिकाम्या जागा आधी वापरायच्या. गरज पडली तर रेघ सरकते, पण हिशोब दाखवून. तिथंही शेतकरी भांडले, आमच्या जमिनीचा भाव मारला म्हणून. ते भांडण मला समजतं. रेघेच्या बाहेर राहणाऱ्याला पिकाला भाव नसेल तर त्यानं दुसऱ्याच्या हवेसाठी गरीब का राहायचं?

रेघ नसली की काय होतं ते फुरसुंगीला बघा. पुण्याच्या हद्दीत २०१७ ला अकरा गावं घेतली, त्यात फुरसुंगी गेलं. २०२१ ला आणखी तेवीस गावं घेतली. मग २०२४ ला फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. आधी वाढ झाली, मग हद्द आली, नियोजन सगळ्यात शेवटी. त्याच पुण्यात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तुकडे विकण्याऐवजी चारशेवर एकर एकत्र करून स्वतःच शहर उभं केलं, जमिनीच्या हिश्श्यात भागीदार झाले. पैसा घरात राहिला. पण मोकळं सांगतो, तिथली शेती मात्र संपली.

आपल्या नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार १९८९ च्या निवडणुकीनंतर सरपंच झाले. पाणी अडवलं, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही हे सगळ्यांना पाठ आहे. एक नियम लोक विसरतात. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली, त्यांना यायला जमीन शिल्लक होती म्हणून. ते गाव लहान, हमरस्त्यापासून आत आहे. आमच्याकडं रोड आहे, दलाल आहे, कर्ज आहे. तरी तो गावानं घेतलेला निर्णय होता, वरून आलेला नकाशा नव्हता, एवढं मला त्यातून घ्यावंसं वाटतं.

जमीन महसूल कायद्यात कलम ४२-ड आणलं होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत घर बांधायला वेगळी एन.ए. परवानगी काढावी लागू नये, कर-आकार भरावा, असं त्यात ठरवलं. म्हणजे गाव गावालाच चिकटून वाढावं, ही सोय कागदावर केली होती. मग आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा काय सांगतो? पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, हायमास्ट दिवा. घरं कुठं व्हावीत याचं एक पान नाही. मी ग्रामसभेत उठून म्हणलं, गटार आणि पाण्याची लाईन आधी जुन्या गावठाणात करा, बंद घरांची यादी करा, वारसांना एकत्र बसवा, आणि ओढे-नाले नकाशावर लाल करून ठेवा. दोघंतिघं हसले. एक म्हातारी मात्र म्हणाली, "माझ्या शेजारचं घर उघडा रं, रात्रीचं भ्या वाटतं."

पेज वाचणाऱ्या कृषी अधिकाऱ्यांना आणि विद्यापीठातल्या साहेबांना एक विचारायचंय. कोणती माती खोल, कोणती मुरमाड, याचे नकाशे तुमच्याकडं आहेत. झोन रंगवणाऱ्यांच्या टेबलावर ते जातात का? मुरमाड माळावर घरं व्हायला माझी काहीच हरकत नाही. आमच्या गावच्या पूर्वेला तसा माळ पडून आहे, कुसळाशिवाय काही येत नाही. तिथं रस्ता नाही म्हणून प्लॉट नाहीत. रस्ता काळीतून गेला म्हणून काळी गेली.

वाड्याच्या अकरा नावांपैकी माझ्यासह नऊ सह्या झाल्या. श्रीगोंद्याच्या आत्यानं तर सही करताना पोराच्या हातावर शंभर रुपये ठेवले, वाड्यात पहिला दिवा लावशील तेव्हा तेलाला म्हणून. दोन राहिल्यात. एक चुलत भाऊ चाकणला असतो, त्याला हिश्श्याचे पैसे पाहिजेत आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. दुसरा फोन उचलत नाही. थोरल्यानं अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिलीय, त्यानंतर रोडकडच्या पाच गुंठ्यांत पाया खोदणार म्हणतो. बायको त्याच्या बाजूनं आहे, हेही लिहून ठेवतो.

रविवारी चाकणला जातोय. चाळीतला शेवटचा गावरान कांदा निवडून एक गोणी भरून ठेवलीय.